घोड्याच्या चालीवर : थेरपीसाठी तबेल्यात जाण्याआधी आणि गेल्यावर

पहिल्या दिवशी बहुतेक आईबाबांचा थोडा हिरमोड होतो. पहाटे उठून, पोराला आवरून, शहराबाहेरच्या रायडिंग स्कूलपर्यंत गाडी हाकत आलेले असतात. डोक्यात घोडदौड असते. समोर दिसते ती पोक्त वयाची एक घोडी, तिची दोरी धरून चालणारा सईस, दोन्ही बाजूंना दोन माणसं आणि घोडीवर चक्क शेपटीकडे तोंड करून बसवलेलं एक मूल. वीस मिनिटं हे सगळं वऱ्हाड रिंगणात संथ फिरतं, मध्येच थांबतं, पुन्हा चालू लागतं. "एवढंच?" असं एका बाबांनी मला तोंडावर विचारलं होतं.

हो, एवढंच. घोड्याच्या साथीने होणाऱ्या थेरपीत खरं काम त्याच्या चालण्यात असतं. पळणं, उड्या, जत्रेतले फोटो यांचा त्याच्याशी संबंध नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत यासाठी उपचार करणारी. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर येणारी मर्यादा), ऑटिझम आणि तोल सांभाळण्याच्या अडचणी असलेल्या मुलांबरोबर तबेल्यात काम करते. पालक जे प्रश्न हमखास विचारतात, आणि जे विचारायला हवेत पण विचारत नाहीत, ते डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. मोठ्या माणसांसाठी, मनाच्या दुखण्यांसाठी घोड्याचा उपयोग कसा करतात तेही पुढे आहे.

चालीत असं काय आहे?

घोडा चालतो तेव्हा त्याचे चार पाय चार वेगळ्या ठेक्यांवर जमिनीला लागतात. त्यामुळे त्याची पाठ एकाच वेळी तीन तऱ्हांनी हलते : पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि किंचित पिळल्यासारखी. आपण चालतो तेव्हा आपलं कंबरेचं हाड जवळपास असंच हलतं. म्हणजे जे मूल स्वतःच्या पायांवर कधी नीट चाललेलंच नाही, त्याच्या कंबरेला घोड्यावर बसल्यावर चालण्याचा अनुभव मिळतो. मिनिटाला साधारण शंभर ठेके धरले तर वीस मिनिटांत दोन हजार वेळा. प्रत्येक ठेक्याला धड थोडं कलतं आणि पाठीपोटाच्या स्नायूंना ते सावरावं लागतं. हेच मी दवाखान्यात मोठ्या चेंडूवर बसवून करायला गेले, तर पाच मिनिटांत माझे हात भरून येतात आणि पोराला कंटाळा येतो. घोड्यावर त्याला आपण व्यायाम करतोय याचा पत्ताच नसतो.

दुसरी गोष्ट उबेची. घोड्याच्या अंगाचं तापमान साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा थोडं जास्त. जाड खोगिराऐवजी नुसतं मऊ गादीचं पॅड टाकून बसवलं की ही ऊब मांड्यांना मिळते. मांड्यांचे आतले स्नायू कडक असलेली मुलं दहा-बारा मिनिटांनी सैलावलेली मी रोज पाहते.

दुडकी चाल मात्र निराळी. तिच्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन-दोन पाय एकदम पडतात आणि वर-खाली हादरे बसतात. ताठर स्नायूंच्या मुलाला त्याने अपाय होऊ शकतो. कुणी तुम्हाला पहिल्याच महिन्यात "आता ट्रॉट करवू" म्हणाला, तर त्याला कारण विचारा.

या विषयावर बोलताना लिस हार्टेलचं नाव निघतंच. डेन्मार्कची ही घोडेस्वार. १९४४ मध्ये गरोदर असताना तिला पोलिओ झाला, गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला दुसऱ्याची मदत लागायची. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिने 'जुबिली' नावाच्या घोडीवर ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमकेपणाने करून घेण्याची स्पर्धा) या प्रकारात पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवलं. १९५६ ला पुन्हा रौप्य. युरोपात अपंगांसाठी घोडेस्वारीची केंद्रं उभी राहायला तिच्या यशाने मोठा रेटा दिला. फक्त एक लक्षात ठेवा : आजाराआधीच ती पट्टीची घोडेस्वार होती. तिची गोष्ट सांगून "तुमचंही मूल चालू लागेल" असं कुणी सुचवत असेल तर सावध व्हा. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा घोडा भरून काढत नाही. बसण्याचा तोल, धडाची ताकद, मान धरणं यांत फरक पडू शकतो, आणि तोही थोडा नसतो.

आधी ठरवा : नेमकं हवंय काय

एकाच नावाखाली तीन वेगळी कामं चालतात. त्यांची गल्लत झाली की पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात.

हिप्पोथेरपी. 'हिप्पोस' म्हणजे ग्रीक भाषेत घोडा. इथे फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा स्पीच थेरपिस्ट घोड्याची चाल साधन म्हणून वापरतो. मुलाने घोडा हाकायचा नसतो. कधी थांबायचं, कुठे वळायचं, किती लांब टांग टाकायची हे थेरपिस्ट ठरवतो आणि सईसाकरवी करून घेतो.

उपचारात्मक घोडेस्वारी. इथे प्रशिक्षक मुलाला त्याच्या क्षमतेनुसार घोडेस्वारी शिकवतो : लगाम धरणं, थांबवणं, वळवणं. ऑटिझम असलेल्या, स्वतः चालू-बसू शकणाऱ्या मुलांना हे जास्त मानवतं.

घोड्याच्या सोबतीने मानसोपचार. यात बहुतेक वेळा घोड्यावर कुणी बसतच नाही. जमिनीवर उभं राहून काम चालतं आणि प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ हजर असावाच लागतो.

माथेरानचा घोडेवाला, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठची फेरी, जुहूच्या वाळूवरची सवारी यांतलं काहीच थेरपी नाही. मुलाला मजा येत असेल तर खुशाल बसवा. पण तोल न सावरणाऱ्या मुलाला तिथे बसवू नका. एक माणूस दोरी धरून पुढे चालत असतो आणि बाजूला धरायला कुणीच नसतं.

पहिली पायरी : डॉक्टरांकडे, तबेल्याकडे नाही

ही पायरी गाळून थेट तबेल्यात आलेल्या पालकांना मी परत पाठवते. रागावतात, पण इलाज नाही.

सेरेब्रल पाल्सी असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडून खुब्याचा एक्स-रे बघून घ्या. या मुलांचा खुबा हळूहळू खोबणीतून सरकत असतो आणि बाहेरून ते कळत नाही. अशा मुलाला फाकून घोड्यावर बसवलं तर दुखणं वाढतं. डाउन सिंड्रोम असेल तर मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधल्या सैलपणाची तपासणी हवी. तो सैलपणा असेल तर घोड्यावर बसवणं पूर्ण वर्ज्य. पाठीचा कणा बराच वाकलेला असेल, हाडं ठिसूळ असतील, फिट्स औषधाने आटोक्यात नसतील, रक्त न गोठण्याचा आजार असेल, बैठकीच्या जागी जखम असेल किंवा अलीकडेच शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टर लेखी 'हो' म्हणेपर्यंत थांबा. ताठर स्नायूंसाठी इंजेक्शन दिलं असेल तर पुन्हा कधी सुरू करायचं, हेही त्यांनाच विचारा.

दम्याचं मूल असेल तर तबेल्यातली गवताची धूळ आणि घोड्याचे केस त्रास देऊ शकतात. पहिल्या भेटीला इनहेलर खिशात ठेवा आणि पंधरा मिनिटांहून जास्त थांबू नका.

धनुर्वाताची लस घेतलेली आहे ना, ते तपासा. मुलाचीच नाही, तुमचीही. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात.

वयाबद्दल : दोन वर्षांखालच्या बाळाला हिप्पोथेरपीलाही बसवत नाहीत, आणि घोडेस्वारी शिकवण्यासाठी चारच्या आत घेत नाहीत. वजनाचाही हिशेब असतो. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार टाकू नये, आणि तोल न सावरणाऱ्या स्वाराच्या बाबतीत त्याहून पुष्कळ कमी. तीनशे किलोच्या तट्टावर साठ किलोचा लुळावलेला मुलगा म्हणजे त्या जनावराच्या पाठीची वाट लावणं.

दुसरी पायरी : केंद्र पारखणं

आपल्याकडे घोडा म्हणजे लग्नातली घोडी, नाहीतर वारीच्या रिंगणात धावणारा माउलींचा अश्व. त्यामुळे जनावर कसं पारखायचं हे बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि रायडिंग स्कूलचा देखणा फाटक बघून माणूस भुलतो. एकदा मुलाला न घेता जा. दुसऱ्या कुणाचं सत्र चालू असताना कुंपणापाशी अर्धा तास नुसते उभे राहा.

माणसं मोजा. तोल न सावरणाऱ्या एका मुलामागे घोडा धरणारा एक, दोन्ही बाजूंना एकेक आणि शिवाय थेरपिस्ट, असे चौघे हवेत. सईस मोबाइलवर बोलत चालला असेल तर तिथूनच मागे फिरा. थेरपिस्टची पदवी आणि नोंदणी विचारायला लाजू नका. "आमचे सर वीस वर्षं घोड्यांबरोबर आहेत" हे उत्तर घोड्यांपुरतं ठीक, तुमच्या मुलाच्या कण्यापुरतं नाही.

मग घोडा बघा. पुण्या-मुंबईकडच्या बऱ्याच शाळांत रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. दिसायला राजबिंडे, पण पळण्यासाठीच पैदास केलेले. त्यांतले काही शांत निघतात, सगळे नाहीत. थेरपीला मला आवडतो तो दहा-बारा वर्षांपुढचा, पिशवी फडफडली तरी नुसता कान वळवून बघणारा, एकसारख्या टांगा टाकणारा प्राणी. उंचीही बेताची हवी, म्हणजे बाजूने चालणाऱ्याचा हात मुलाच्या कंबरेपर्यंत पोहोचतो. आपलं भीमथडी तट्टू या कामाला अंगाने बरं पडतं. स्वभाव मात्र ज्याचा त्यालाच पारखावा लागतो. पाठीची रुंदीही बघतात : मांड्या आवळलेल्या मुलाला अरुंद पाठ, धड ढिलं असलेल्या मुलाला जरा रुंद.

घोड्याच्या कानांकडे लक्ष ठेवा. कान सैल, बाजूला, एक मागचा पाय आरामात दुमडलेला : ठीक चाललंय. कान मागे मानेला चिकटवलेले, शेपटीचे फटके, पॅड चढवताना चावायला वळणं, तंग (पोटाखालचा पट्टा) कसताना पोट आकसणं : हे जनावर दुखण्यात तरी आहे किंवा वैतागलेलं तरी. घोड्यावर दिवसाला किती मुलं बसतात, मध्ये विश्रांती किती, आठवड्यात त्याची सुट्टी कधी, हे विचारा. बाजूला झुकून बसणाऱ्या मुलाचं ओझं घोड्याच्या पाठीला सरळ बसलेल्या स्वारापेक्षा जास्त जाचतं.

कागद दोन मागा. घोड्याच्या लसीकरणाची नोंद आणि ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला. ग्लँडर्स हा घोड्याकडून माणसाला होऊ शकणारा गंभीर आजार आहे आणि आपल्या राज्यातही तो आढळलेला आहे. देशात या तपासणीचं मुख्य काम हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र पाहतं. दाखला दाखवायला टाळाटाळ झाली तर पुढचं काही विचारू नका.

हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं, एएसटीएम एफ ११६३ (घोडेस्वारीच्या हेल्मेटचं अमेरिकी मानक) किंवा त्या तोडीचं प्रमाणन असलेलं. सायकलचं किंवा क्रिकेटचं चालत नाही. त्यांची घडण वेगळ्या आघातासाठी असते.

पैशांचं म्हणाल तर, चार माणसं आणि एक जनावर एका मुलामागे राबतं, त्यामुळे हे दवाखान्यातल्या सत्रापेक्षा महागच पडणार. वर्षाचे पैसे एकदम भरू नका. आठ-दहा सत्रांचे भरा.

तिसरी पायरी : पहिली भेट, पाय जमिनीवर

पहिल्या दिवशी मी शक्यतो मुलाला बसवत नाही. घोडा जवळजवळ सगळीकडचं बघू शकतो, पण अगदी कपाळासमोर आणि शेपटीमागे त्याला दिसत नाही. म्हणून जायचं ते खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत. मागून कधीच नाही. पळत नाही, किंचाळत नाही. ज्या मुलाला अचानक ओरडायची सवय आहे, त्याच्यासाठी आम्ही आधी लांबून घोड्याला त्या आवाजाची सवय करतो. हे पालकांनी आधीच सांगितलं तर बरं. लपवलं तर सगळ्यांचीच पंचाईत.

मग खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासणं. रबराचा मऊ खरारा मुलाच्या हातात देऊन, हातावर हात ठेवून, मानेपासून खांद्यापर्यंत केसांच्या दिशेने फिरवायचा. कुणाला तो खरखरीत स्पर्श नको वाटतो, कुणी तासभर सोडत नाही. दोन्ही गोष्टी मी टिपून ठेवते. मोठ्या माणसांना वाटतं ही वेळ काढायची युक्ती आहे. पण हात खांद्याच्या वर उचलणं, दोन्ही हात एकत्र वापरणं, शरीराची मधली रेघ ओलांडून पलीकडे पोहोचणं ही सगळी माझी कामं खराऱ्यात आपोआप होतात.

मूल घाबरलं तर घाबरू द्या. "काही नाही होत, जा!" असं ढकलू नका. एका सहा वर्षांच्या मुलीने चार भेटी नुसत्या फाटकाबाहेर उभं राहून घालवल्या. पाचव्या भेटीला तिने स्वतःच हात पुढे केला.

चौथी पायरी : चढणं, फिरणं, उतरणं

सगळ्यांत धोक्याचा क्षण चढण्याचा. चांगल्या केंद्रात त्यासाठी उतरणीचा ओटा असतो. मुलाला खालून उचलून घोड्यावर टाकायचं नाही. घोडा ओट्याला चिकटून उभा, सईस त्याच्या तोंडासमोर, पलीकडे एक माणूस हात तयार ठेवून. पालकांनी या वेळी फोटो काढण्यासाठी पुढे येऊ नये. मला दरवर्षी हे सांगावं लागतं.

साधारण सत्र असं जातं.

पहिली चार-पाच मिनिटं नुसतं सरळ, एका लयीत चालणं. मुलाचं अंग घोड्याच्या ठेक्याशी जुळू द्यायचं. बाजूच्या माणसाचा हात मांडीवर हलका, घट्ट आवळलेला नाही. सारखं धरून ठेवलं तर धडाला सावरायची गरजच पडत नाही आणि मग सगळा खटाटोप व्यर्थ.

त्यानंतर थांबा-चाला. घोडा थांबताना धड पुढे जातं, निघताना मागे. मान आणि पोटाच्या स्नायूंना यातून पुढे-मागे सावरायचं काम मिळतं. इथेच बोलणं गुंफायचं : "चल" म्हटल्याशिवाय किंवा हाताने खूण केल्याशिवाय घोडी हलणार नाही. न बोलणाऱ्या मुलांचा पहिला उच्चार घोड्यावर निघाल्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. प्रत्येक वेळी तसं होत नाही, पण बोललं की काहीतरी मोठं हलतं, हे कारण-परिणामाचं नातं इतकं ठळक दुसरीकडे क्वचितच मिळतं.

मग वळणं. मोठं वर्तुळ, नागमोडी, आठचा आकडा. वळणावर मुलाचं वजन बाहेरच्या कुशीवर जातं. उजवी बाजू कमजोर असलेल्या मुलाला मी त्या बाजूवर वजन येईल असं वर्तुळ जास्त वेळा घ्यायला लावते. दिशा कोणती ते थेरपिस्ट ठरवेल, पण ती का निवडली हे तुम्ही विचारा. उत्तर मिळालं नाही तर ते नुसतं गोल फिरवणं आहे.

बसण्याच्या तऱ्हाही बदलतात. उलटं बसवलं की दोन्ही तळवे घोड्याच्या पुठ्ठ्यावर टेकवता येतात आणि खांदे मजबूत होतात. एका बाजूला तोंड करून आडवं बसवलं की बाजूचा तोल कसोटीला लागतो. हे घरच्या घरी, ओळखीच्या घोडेवाल्याकडे करून पाहू नका.

घोड्याच्या पाठीवर एकूण वीस ते तीस मिनिटं पुरे. मुलाची मान लोंबायला लागली, लाळ वाढली, पाय पुन्हा आवळायला लागले की वेळ उरली असली तरी उतरवायचं.

उतरल्यावरची पंधरा मिनिटं सोन्याची. अंग सैल झालेलं असतं, तेव्हाच उभं राहणं, चार पावलं टाकणं, पायऱ्या चढणं करून घ्यायचं. लगेच गाडीत कोंबून नेलं तर हाती आलेलं निसटतं. आणि घोड्याचे आभार : गाजराचा तुकडा उघड्या, सपाट तळहातावर, अंगठा चिकटवून. बोटांत धरून दिला तर चावा बसू शकतो. नंतर साबणाने हात धुणं, नखांसकट.

मनाच्या कामासाठी घोडा

हा भाग मी करत नाही. सोबत काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडून पाहिलेलं, शिकलेलं सांगते.

घोडा हे शिकार होणारं जनावर आहे. त्याचं जगणं आजूबाजूच्या हालचाली वाचण्यावर अवलंबून. माणसाचा आवळलेला जबडा, अडखळलेला श्वास, खांद्यांतला ताठरपणा तो टिपतो आणि लगेच दूर सरतो किंवा जवळ येतो. शंभरेक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये 'चलाख हान्स' नावाचा घोडा खुराने टापा मारून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने उलगडा केला : बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याच्या नकळत त्याचं डोकं किंचित हलायचं, आणि हान्स नेमका तिथे थांबायचा. गणित त्याला येत नव्हतं, माणूस वाचता येत होता. त्यामुळे "घोड्याला तुमच्या मनातलं सगळं कळतं" हे विकणाऱ्यांचं वाक्य मला पटत नाही. घोड्याच्या हृदयाच्या लहरींनी माणूस बरा होतो, हे तर त्याहून नाही. त्याला तुमचं अंग कळतं. पण जो माणूस "मी ठीक आहे" असं वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलाय, त्याला तेवढंही पुष्कळ असतं.

सुरुवात अशी करतात. कुंपणाबाहेर खुर्ची टाकून पंधरा मिनिटं मोकळ्या सोडलेल्या तीन-चार घोड्यांकडे बघायचं. कोण कुणाजवळ, कोण एकटा, कोण कुणाला हुसकावतो. मग जे दिसलं ते सांगायचं. माणूस घोड्यांबद्दल बोलता बोलता घरातल्यांबद्दल कधी बोलू लागतो ते त्यालाही कळत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी घोड्याच्या कुशीपाशी उभं राहून त्याचे श्वास मोजायचे. शांत उभा घोडा मिनिटाला आठ ते सोळा श्वास घेतो. आपला श्वास त्याच्याशी जुळवायचा प्रयत्न करायचा. ध्यानाला बसलं की चुळबुळणाऱ्या पौगंडावस्थेतल्या मुलांना हे जमतं, कारण डोळे मिटायचे नसतात आणि हाताखाली खरंखुरं उबदार अंग असतं.

पुढे दोरी हातात घेऊन घोड्याला जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून नेणं. ओढलं तर तो येत नाही, चारशे किलोला कोण ओढणार! विनवण्या केल्या तरी येत नाही. स्वतः स्पष्ट दिशेने चालायला लागलं की मागोमाग येतो. या वेळी तज्ज्ञाचं काम फक्त योग्य प्रश्न विचारण्याचं : "आत्ता थांबलात तेव्हा काय झालं?" घोडा काय 'म्हणतोय' याचा अर्थ तज्ज्ञच सांगू लागला तर ते ज्योतिष झालं.

अमेरिकेत युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या आघातोत्तर ताणासाठी कोलंबिया विद्यापीठात अशा जमिनीवरच्या कामाचा अभ्यास झाला : आठवड्याला दीड तास, एकूण आठ सत्रं, घोड्यावर बसणं नाही. लक्षणं कमी झाली. तुलनेसाठी दुसरा गट मात्र त्यात नव्हता. ऑटिझमबाबत पुरावा त्याहून भक्कम आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्याच अभ्यासात ६ ते १६ वयाची १२७ मुलं होती. अर्धी मुलं दहा आठवडे घोड्यावर बसली. उरलेल्या अर्ध्यांना तशाच तबेल्यात नेलं, घोड्यांबद्दल शिकवलं, पण हाताळायला दिला तो पेंढा भरलेला मोठा खोटा घोडा. खऱ्या घोड्यावर बसलेल्यांची चिडचिड आणि अतिचंचलता जास्त कमी झाली, शब्दही वाढले. खोट्या घोड्याची ही कल्पना मला फार आवडते. नुसतं बाहेर जाणं, मोकळी हवा, नवी माणसं यांचा परिणाम त्यातून वेगळा काढता आला.

तीव्र नैराश्य, आत्महत्येचे विचार, भ्रम होणं अशा अवस्थेत तबेला ही पहिली जागा नाही. आधी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर, औषधं. घोडा नंतर, त्यांच्या परवानगीने. आणि ज्याला जनावरांची मनस्वी भीती आहे किंवा जो जनावरांना इजा करतो, त्याच्यासाठी हा मार्गच नाही.

पाचवी पायरी : फरक पडतोय का, हे कसं कळणार

"बरं वाटतंय त्याला" हे माप नव्हे. सुरू करण्याआधी थेरपिस्टबरोबर बसून दोन किंवा तीन गोष्टी कागदावर लिहा, मोजता येतील अशा. आधाराशिवाय पाटावर किती सेकंद बसतो. ताटातला घास तोंडापर्यंत नेताना किती वेळा कलंडतो. शाळेतून आल्यावर किती मिनिटं रडतो. घरी मोबाइलवर एक मिनिटाचं चित्रण करून तारीख टाका. दर चार आठवड्यांनी तेच, त्याच जागी, त्याच पाटावर. बारा सत्रांनंतर त्यांपैकी एकातही फरक नसेल तर थेरपिस्टशी स्पष्ट बोला. बैठक बदलायची, घोडा बदलायचा की बंदच करायचं.

आठवड्यातून एक सत्र म्हणजे एकशे अडुसष्ट तासांतला अर्धा तास. नेहमीची फिजिओथेरपी, स्प्लिंट, घरचे व्यायाम सोडून फक्त घोड्यावर भिस्त ठेवलेल्या एका घराची मला अजून चुटपुट लागते. वर्षभरात मुलाची बैठक सुधारली, पण टाचा इतक्या आखडल्या की उभं करणं अवघड झालं. मीच पहिल्या महिन्यात दरडावून सांगायला हवं होतं.

पावसाळा हे आपल्याकडचं खास दुखणं. छपराचं रिंगण असलेली केंद्रं थोडी. चिखलात घोड्याचा पाय सरकतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर बऱ्याच ठिकाणी खंड पडतो. तेव्हा घरी लोड किंवा मोठी गुंडाळी घोड्यासारखी दोन्ही पायांत घेऊन बसवा, समोर खेळणं ठेवा आणि लोड दोन्ही बाजूंना हलकाच झुलवा. घोड्याची सर येत नाही, पण सवय तुटत नाही. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आतली वेळ मागा. उन्हात तापलेला घोडा आणि तापलेलं मूल दोघंही कुरकुरतात.

आणि थांबायची वेळ आली, मग ती हेतू साध्य झाल्याने असो, मूल मोठं, जड झाल्याने असो की तुम्ही बदली होऊन गाव सोडताय म्हणून असो, तर फोन करून "उद्यापासून येत नाही" असं कळवू नका. दोन आठवडे आधी मुलाला सांगा, जमलं तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून. शेवटच्या दिवशी घोड्यावर बसवायचं नाही. नुसता खरारा करायला द्यायचा, हवा तेवढा वेळ. गाजरं सईसाला विचारून जरा जास्त आणा.